सलाईनची सुई: ७२ तासांचा नियम, त्यामागचा पुरावा आणि वॉर्डातली तपासणी

गुलाबी_वीस

मेडिसिन वॉर्डातला नियम सगळ्यांना पाठ आहे. तीन दिवस झाले की कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी) काढायचा, दुसऱ्या हाताला नवीन लावायचा. शीर चांगली असो, फ्लश (नळी मोकळी ठेवायला ढकललेलं सलाईन) सुरळीत जात असो, ७२ तास म्हणजे ७२ तास. आता प्रोटोकॉल नव्याने लिहायला घेतलाय आणि मतं दोन टोकांची आहेत. एक गट म्हणतो, हा नियम बाहेर केव्हाच मोडीत निघाला, "गरज पडेल तेव्हा बदला" असं लिहून मोकळं व्हा. दुसरा म्हणतो, तसं लिहिलंत तर आठ-आठ दिवस सुया तशाच राहतील.

पुरावा नेमका काय सांगतो? तो लावायचा तर आधी काय तयारी लागते? आणि याच विषयावर एमएस्सी नर्सिंगचा प्रबंध नीट होऊ शकतो का? फक्त हातापायाच्या साध्या लाइनबद्दल बोलू, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत खोलवर घातलेली) इथे नको.

प्रॅक्टिकल_फाइल

आधी त्या ७२ चं बघू. अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०११ च्या सूचनांत मोठ्या माणसांसाठी एवढंच आहे की ७२ ते ९६ तासांहून लवकर लवकर बदलण्याची गरज नाही. म्हणजे घाई करू नका, असा त्याचा रोख. वॉर्डाच्या भिंतीवर येईपर्यंत त्याचं "याच्या पुढे ठेवायचाच नाही" झालं. फक्त कारण असेल तेव्हाच बदलावं का, हा प्रश्न त्यांनी मोठ्यांसाठी अनिर्णित ठेवला होता. लहान मुलांसाठी मात्र त्याच कागदात स्पष्ट आहे: कारण असेल तरच बदला.

मोठ्यांसाठीचं वजनदार उत्तर २०१२ मध्ये आलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत क्लेअर रिकार्ड आणि सहकाऱ्यांनी ३,२८३ रुग्ण घेतले. सगळे प्रौढ आणि चार दिवसांहून जास्त सलाईन लागेल असे. चिठ्ठी टाकून दोन गट केले, एकात दर तिसऱ्या दिवशी बदल, दुसऱ्यात कारण असेल तेव्हाच. लॅन्सेटमध्ये छापून आलेला निकाल असा: फ्लेबायटिस (शिरेला येणारी सूज) गरजेप्रमाणे बदलणाऱ्यांत १,५९३ पैकी ११४, वेळापत्रकवाल्यांत १,६९० पैकी ११४. दोन्हीकडे ७ टक्के. तिसऱ्या दिवशी जागेवर असलेल्या कॅन्युलांचा सरासरी मुक्काम गरजेप्रमाणे बदलणाऱ्यांत ९९ तास, वेळापत्रकवाल्यांत ७०.

पुढे कॉक्रेनच्या (चाचण्या एकत्र करून आढावे काढणारी संस्था) २०१९ च्या आढाव्यात ९ चाचण्या आणि ७,४१२ रुग्ण एकत्र केले. फ्लेबायटिस आणि रक्तातला संसर्ग यांत ठळक फरक नाही. पण हे अर्धंच वाक्य सगळे सांगतात. लाइन आऊट होणं (औषध शिरेबाहेर जाणं) आणि ब्लॉक होणं वेळापत्रकाने बदलणाऱ्यांत थोडं कमी होतं, हेही तिथेच लिहिलंय. खर्च मात्र गरजेप्रमाणे बदलण्यात कमी येतो.

नाइट_ड्युटी

आणि जिनिव्हा? ते सोडूनच दिलंत. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयांनी एप्रिल २०१८ मध्ये ९६ तासांचा नियम काढून "गरजेप्रमाणे" केलं. रक्तातले संसर्ग वाढले म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये जुना नियम परत आणला. मग कशाला हात पोळून घ्यायचे? आपल्याकडे ९६ ठेवा आणि विषय संपवा.

आकडेमोड

नाइट_ड्युटी, मुद्दा रास्त आहे, पण आकडे पूर्ण मांडून बघू. त्या अभ्यासात ४,१२,६३१ कॅन्युला होते. जुन्या नियमाच्या काळात २,४१,४३२ कॅन्युलांमागे ११ रक्तसंसर्ग. नियम काढल्यावर १,३०,७७९ मागे ४६. परत आणल्यावर ४०,४२० मागे ४. दर लाखाला मांडलं तर साधारण ५, मग ३५, मग १०. शेवटच्या आकड्यावर फार भार टाकू नका, चारच घटना आहेत.

हा आधी-नंतरचा अभ्यास आहे, चिठ्ठी टाकून गट केलेले नाहीत. त्याच काळात दुसरं काही बदललं असेल तर त्याचा परिणामही यात मिसळतो. तरी नियम काढल्यावर वाढ आणि परत आणल्यावर घट, असा दोन्ही दिशांचा मेळ लागतो तेव्हा तो निकाल नुसत्या एका बाजूच्या तुलनेपेक्षा भक्कम धरावा लागतो.

आता क्वीन्सलँड आणि जिनिव्हा एकमेकांच्या विरोधात आहेत का? नाहीत. लाखाला ३५ या दराने ३,२८३ रुग्णांत किती रक्तसंसर्ग दिसतील? एक, फार तर दोन. एवढ्या चाचणीत तो फरक दिसणारच नाही, कितीही काटेकोर केली तरी. ती चाचणी फ्लेबायटिससाठी बेतलेली होती, त्यापुरतं तिचं उत्तर पक्कं आहे. दुर्मिळ पण जिवावरच्या गोष्टीसाठी लाखांच्या नोंदी लागतात. "आरसीटी (चिठ्ठी टाकून केलेली चाचणी) सर्वांत वर" हा पुराव्यांचा पिरॅमिड पाठ करून आलेल्यांची इथेच गफलत होते. कुठला पुरावा वरचा हे प्रश्नावर ठरतं.

आणखी एक. चाचणीत मुद्दाम नेमलेलं माणूस जागा नेमाने तपासतं. रोजच्या वॉर्डात तसं कोणी नसतं. "गरजेप्रमाणे" या शब्दात गरज ओळखणारं कोणीतरी गृहीत आहे. ७२ किंवा ९६ चं वेळापत्रक हे न बघणाऱ्या वॉर्डासाठीचा टेकू आहे. बघणं सुरू न करता टेकू काढला तर काय होतं, त्याचा अंदाज जिनिव्हाच्या आकड्यांवरून बांधता येतो.

गुलाबी_वीस

हे पटलं. म्हणजे प्रश्न "किती तास" हा नसून "किती वेळा आणि कसं बघतो" हा आहे. ते बघणं नेमकं कसं असावं? आमच्याकडे केसपेपरवर "आयव्ही साइट हेल्दी" असा शिक्काच असतो.

स्टाफ_टू_स्टाफ

शिक्का आधी फेका, ताई. त्या जागी आकडा लिहायचा. व्हीआयपी स्कोअर (जागा बघून शिरेच्या सुजेला दिलेला आकडा) वापरा. ब्रिटनमध्ये रॉदरहॅमच्या अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेला ० ते ५ चा हा स्कोअर आहे. शून्य म्हणजे जागा साफ. एक म्हणजे सुईच्या तोंडाशी किंचित दुखणं किंवा किंचित लाली. दुखणं, लाली, सूज यांतल्या दोन गोष्टी असल्या तर दोन. शिरेच्या वाटेने दुखतंय, लाल आहे आणि भाग कडक लागतोय, तर तीन. त्यावर शीर दोरीसारखी हाताला लागली तर चार. त्यात तापाची भर पडली तर पाच. दोन आला की कॅन्युला काढायचाच, "आजची अँटिबायोटिक देऊन मग" नाही. एक आला तर पुढच्या फेरीला पहिली तीच जागा बघायची.

खाटेशी क्रम असा ठेवा. आधी रुग्णाला विचारायचं, "औषध जाताना चुरचुरतं का, दंड भरून येतो का?" मग बघायचं, दोन्ही हात शेजारी ठेवून, कारण आऊट झालेल्या लाइनची सूज एकट्या हातावर कळत नाही. मग बोटाने सुईच्या तोंडापासून वर शिरेच्या वाटेने हलकं दाबत जायचं. शेवटी फ्लश. हब (कॅन्युलाचं बाहेरचं तोंड) ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने १५ सेकंद घासायचा, वाळू द्यायचा, मग १० मिलीच्या सिरिंजने ५ मिली नॉर्मल सलाईन थांबत-थांबत ढकलायचं आणि शेवटचा अर्धा मिली आत जात असतानाच क्लॅम्प लावायचा. २ मिलीची सिरिंज नको. बारीक सिरिंजने दाब जास्त येतो, ब्लॉक झालेल्या लाइनमधली गुठळी आत जाते किंवा शीर फुटते. अडतंय असं हाताला जाणवलं की थांबायचं, जोर लावायचा नाही.

आता ड्रेसिंग. खरी गोम इथे आहे. पारदर्शक ड्रेसिंग असेल तर जागा दिसते. मायक्रोपोरच्या चार पट्ट्या आडव्या-उभ्या मारल्या की सुईचं तोंडच झाकलं जातं आणि स्कोअर लिहिणारी माणसं अंदाजाने शून्य टाकतात. पारदर्शक नसेल तर तोंडावर छोटा निर्जंतुक गॉज, पट्ट्या फक्त पंखांवर आणि नळीवर. गॉज असेल तर रोज वरूनच दाबून विचारायचं. दुखत नसेल तर उगाच उघडायचा नाही. दुखलं, ताप आला किंवा ओला झाला तर उघडून बघायचं आणि नवा लावायचा. तारीख-वेळ मायक्रोपोरवर बॉलपेनने लिहिली की आंघोळीनंतर पुसते. ती चार्टवरही हवी.

नाइट_ड्युटी

यात आणखी भर. अपघात विभागात धावपळीत लावलेली, त्वचा नीट न पुसता लावलेली लाइन या सगळ्या चर्चेतून बाहेर काढा. ती ४८ तासांच्या आत बदलायची, स्कोअर शून्य असला तरी. तेवढ्यासाठी अपघात विभागाने चिकटपट्टीवर लाल पेनाने "ई" लिहून पाठवलं तरी पुष्कळ झालं.

आणि २४ तासांत वापर झालेला नसेल तर काढा. "असू दे, रात्री लागली तर?" म्हणून ठेवलेल्या सुया वॉर्डात मोजून बघा, डोळे उघडतील. औषध तोंडी सुरू झालं की सकाळच्या राउंडलाच डॉक्टरांना विचारून टाकायचं.

आयसीयू_खिडकी

फ्लेबायटिस म्हणजे लगेच "संसर्ग झाला" असं समजू नका, बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. केसीएल (पोटॅशियम क्लोराइड), अमिओडॅरोन, व्हॅन्कोमायसिन, तीव्र डेक्स्ट्रोज ही शिरेला भाजणारी मंडळी. केसीएल साध्या लाइनने लिटरला ४० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर नको. दुसरं कारण यांत्रिक. मनगटाच्या किंवा कोपराच्या वळणावर लावलेली सुई प्रत्येक हालचालीला आत घासते. गेजही (सुईची जाडी) बघा. नुसत्या अँटिबायोटिकला हिरवा १८ कशाला? गुलाबी २० किंवा निळा २२ पुरतो. बारीक नळीभोवती रक्त वाहतं राहतं आणि औषध पातळ होऊन पुढे जातं.

जंतूंचं दार बहुधा हब आणि थ्री-वे (तीन तोंडांची तोटी). टोपी काढून ट्रेमध्ये उताणी ठेवलेली, मग तीच परत लावलेली, हे रोजचं चित्र आहे. आणि सलाईनच्या बाटलीत हवा जावी म्हणून सुई खुपसून ठेवणं आता तरी बंद करा. वॉर्डातली हवा गाळल्याविना आत जाते. एअर व्हेंटचा सेट मागवा किंवा आकसणारी पिशवी वापरा.

थेसिस_चालू

सगळ्यांना नमस्कार. प्रबंधासाठी विषय ठरतोय: "फ्लेबायटिसवर ग्लिसरीन-मॅगसल्फच्या पट्टीचा परिणाम" (मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट). ३० रुग्ण प्रयोग गटात, ३० नियंत्रण गटात. गाइड मॅडम म्हणतात ६० पुरेसे आहेत. चालेल का?

आकडेमोड

चालेल की नाही हे गणिताला विचारा. समजा, फ्लेबायटिस सध्या ३० टक्के आहे आणि तुमच्या उपायाने तो १५ वर येईल अशी आशा आहे. ५ टक्के सार्थकता (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरून सूत्र असं: (१.९६ + ०.८४) चा वर्ग म्हणजे ७.८४. त्याला (०.३० × ०.७०) + (०.१५ × ०.८५) म्हणजे ०.३३७५ ने गुणायचं आणि फरकाच्या वर्गाने म्हणजे ०.०२२५ ने भागायचं. उत्तर ११७.६, म्हणजे एका गटात ११८. दहा टक्के गळती धरली तर ११८ भागिले ०.९, म्हणजे १३२. दोन्ही मिळून २६४.

मग ३०-३० मध्ये काय पकडता येईल? ३० टक्क्यांवरून थेट ४ टक्क्यांच्या आसपास आला तरच. एवढा जादूई उपाय असता तर प्रबंधाची गरज पडली नसती. ३०-३० ही आपल्याकडची रूढी आहे, गणित नाही. आणि निकाल "सार्थक फरक आढळला नाही" असा आला की निष्कर्षात "दोन्ही पद्धती सारख्याच" असं बिनदिक्कत छापतात. तो निष्कर्ष निघतच नाही. सारखं आहे म्हणायचं तर किती फरक चालेल हे आधी जाहीर करावं लागतं. क्वीन्सलँडमध्ये ती मर्यादा ३ टक्के ठेवली होती. प्रत्यक्ष फरक ०.४१ टक्के आला आणि त्याचा ९५ टक्के विश्वासपट्टा उणे १.३३ ते २.१५. पूर्ण पट्टा मर्यादेच्या आत बसला, म्हणून "समतुल्य" म्हणता आलं.

मॅगसल्फबद्दल एक उघड मत: हा विषय पुरे झाला आता. झालेल्या फ्लेबायटिसवर पट्टी लावण्याचे प्रबंध उदंड आहेत, होऊ न देण्याचे कमी. शिवाय कॅन्युला काढल्यावर सूज आपोआपही उतरते, त्यामुळे नियंत्रण गट नसलेल्या "आधी-नंतर" प्रबंधात कुठलीही पट्टी गुणकारीच दिसते.

थेसिस_चालू

सर, १३२-१३२ रुग्ण सहा महिन्यांत एका वॉर्डात मिळणार नाहीत. मग काय करायचं?

प्रॅक्टिकल_फाइल

मग प्रश्न बदला, रुग्ण ओढूनताणून भरू नका. दोन प्रामाणिक वाटा आहेत.

पहिली, निरीक्षणाचा प्रबंध. वॉर्डात लागलेला प्रत्येक कॅन्युला, लावल्यापासून काढल्यानंतर ४८ तासांपर्यंत. काढल्यावर का, तर फ्लेबायटिस मागाहूनही दिसतो. गेज, जागा, कोणी लावला, कुठली औषधं गेली, कधी काढला, का काढला. सुटी झाली म्हणून काढलेला आणि सुजला म्हणून काढलेला हे वेगळे ठेवायचे, नाहीतर मुक्कामाची सरासरी काढून काही उपयोग नाही. इथे काप्लान-मायर (मुक्काम मधेच थांबलेल्या नोंदीही धरणारी पद्धत) वापरा. एकाच रुग्णाला चार कॅन्युला लागले तर ते चार स्वतंत्र नमुने नाहीत. प्रत्येक रुग्णाचा पहिलाच मोजा, किंवा सांख्यिकीवाल्यांना आधीच सांगा की नोंदी रुग्णागणिक गुंफलेल्या आहेत. विश्लेषण झाल्यावर हे लक्षात आलं तर पी-व्हॅल्यू कवडीमोल.

दुसरी वाट मला जास्त आवडते: दोन सिस्टरांचा व्हीआयपी स्कोअर जुळतो का, एवढंच तपासायचं. शंभरेक जागा पुरतात, चिठ्ठ्या टाकाव्या लागत नाहीत आणि उत्तर वॉर्डाला लगेच उपयोगी पडतं.

कुठलीही वाट घ्या, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी. मार्गदर्शक म्हणून आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची तत्त्वं. रुग्णांवर उपाय करून बघणार असाल तर सीटीआरआयवर (चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी चालत नाही, पदव्युत्तर प्रबंध असला तरी. चिठ्ठ्या टाकणार असाल तर सम-विषम खाट नंबर ही चिठ्ठी नव्हे. पुढचा कुठल्या गटात जाणार हे आधी कळलं की नाजूक शिरांची आजी नकळत "बऱ्या" गटात ढकलली जाते. क्रमांक घातलेले, अपारदर्शक, बंद पाकीट, तेही दुसऱ्या कोणी भरलेलं, आणि संमतीवर सही झाल्यावरच फोडायचं.

आकडेमोड

जुळणीच्या प्रबंधाला +१. फक्त टक्केवारीवर थांबू नका. उदाहरण घ्या: १०० जागा. दोघींनी "दोन किंवा जास्त" म्हटलं ८ ठिकाणी, दोघींनी "दोनपेक्षा कमी" म्हटलं ८० ठिकाणी, उरलेल्या १२ मध्ये सहा-सहा वेळा मतभेद. जुळणी ८८ टक्के, ऐकायला झकास. पण दोघीही १४ टक्के जागांना "दोन किंवा जास्त" म्हणतायत, तेव्हा डोळे मिटून स्कोअर टाकले तरी ०.१४ चा वर्ग अधिक ०.८६ चा वर्ग, म्हणजे ७६ टक्के जुळलंच असतं. कप्पा (योगायोगाची जुळणी वगळून उरलेली जुळणी) = (०.८८ − ०.७६) ÷ (१ − ०.७६) = ०.५०. मध्यम. ज्या २० जागांत कुणालाही काही दिसलं, त्यातल्या फक्त ८ वर एकमत. असा वॉर्ड "गरजेप्रमाणे" वर न्यायचा का?

दोघींनी एकमेकींचा आकडा न बघता आणि १५ मिनिटांच्या आत बघायला हवं. तासाभराच्या अंतराने बघितलं तर मधल्या वेळेत व्हॅन्कोमायसिन जाऊन जागाच बदललेली असते.

गुलाबी_वीस

प्रोटोकॉलसाठी मग हाच क्रम धरते: आधी मोजणी, मग प्रशिक्षण, मग नियम. मोजणीचा तक्ता कसा ठेवावा? स्टाफवर कागदाचं ओझं वाढवायचं नाहीये.

स्टाफ_टू_स्टाफ

एकच पान. आठवड्यातले दोन दिवस, वार आणि वेळ दर आठवड्याला बदलती. त्या क्षणी वॉर्डात असलेले सगळे कॅन्युला. रकाने पाच: तारीख-वेळ लिहिलीय का, सुईचं तोंड दिसतंय का, स्कोअर किती, २४ तासांत वापर झालाय का, मागच्या पाळीने स्कोअर लिहिलाय का. वॉर्डाच्या इन्चार्जने स्वतःचाच वॉर्ड तपासू नये, शेजारच्या वॉर्डाची अदलाबदल करावी. कुठल्या सिस्टरची खाट हे पानावर नको. नाव आलं की दुसऱ्या आठवड्यापासून सगळे शून्य.

दर काढताना शंभर कॅन्युलांमागे आणि हजार कॅन्युला-दिवसांमागे असे दोन्ही काढा. समजा ८४ कॅन्युला, मिळून २५० दिवस, ९ फ्लेबायटिस. शंभराला १०.७ आणि हजार दिवसांना ३६. नियम सैल केल्यावर प्रत्येक सुईचा मुक्काम वाढतो, त्यामुळे शंभरामागचा आकडा चढलेला दिसू शकतो आणि दिवसांमागचा तिथेच राहतो. एकच आकडा घेऊन मीटिंगला गेलात तर कोणीतरी दुसरा काढून तुम्हाला खोटं पाडेल.

आकडेमोड

यात एक जपा. आठवड्याचे आकडे कागदावर बिंदू म्हणून टाका, मध्यक काढा. सलग सहा बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला गेले तर काहीतरी खरंच बदललंय. एका आठवड्याच्या चढावरून सिस्टरांना बोल लावू नका. आणि या मोजणीवरून रक्तसंसर्ग वाढला की नाही हे एका वॉर्डात कळणार नाही, लाखाला ३५ चं गणित वर आहेच. त्यासाठी लॅबचे पॉझिटिव्ह ब्लड कल्चर संसर्ग नियंत्रण सिस्टरकडे जातात, तिथे संपूर्ण रुग्णालयाचा हिशेब ठेवा.

नाइट_ड्युटी

बरं, मीही थोडा सरकतो. दर पाळीला स्कोअर लिहिल्याचं प्रमाण सलग दोन-तीन महिने ९० टक्क्यांच्या वर आणि कप्पा ०.६ च्या वर, असं ज्या वॉर्डात दिसेल तिथे "गरजेप्रमाणे" करा. बाकीच्यांना ९६ तास. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या समितीने स्वतःचे ठरवावेत. पण वॉर्डागणिक वेगळा नियम ठेवायला लाजू नका. रात्री एका स्टाफवर पूर्ण वॉर्ड असेल तिथे दर पाळीला बघणं कागदावरच होणार, हे मान्य करूनच नियम लिहा.

गुलाबी_वीस

वॉर्डागणिक नियम ही कल्पना समितीत मांडते. शेवटचं: स्कोअर लिहायचा कुठे? नर्सेस नोट्समध्ये हरवतो.

स्टाफ_टू_स्टाफ

टीपीआर चार्टवर (ताप-नाडी-श्वासाचा तक्ता), नाडीच्या खालची एक ओळ. सकाळ, दुपार, रात्र असे तीन चौकोन, आत नुसता आकडा. दोन लाइन असतील तर उ आणि डा. हँडओव्हरला चार्ट हातात असतोच, त्यामुळे येणाऱ्या पाळीने चादर बाजूला करून तोच आकडा स्वतः ताडून बघायचा आणि मगच सही.